सोसायटीचा हिशोब मागताना

आमच्या सोसायटीत मेंटेनन्स वाढला तेव्हा व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवडाभर भांडण चाललं. "पैसे खाल्ले" असं एकाने लिहिलं, सेक्रेटरी दुखावले आणि ग्रुपमधून बाहेर पडले. हिशोब मात्र कुणीच पाहिला नाही. त्यानंतर मी ज्या वाटेने गेले ती इथे लिहिते.

आधी आरोप बंद, कागद सुरू. उपविधी (म्हणजे सोसायटीची नियमावली), शेवटचा लेखापरीक्षित म्हणजे ऑडिट झालेला ताळेबंद, सर्वसाधारण सभेची आणि कमिटीची इतिवृत्तं (म्हणजे सभेतल्या कामकाजाच्या नोंदी), सभासदांची नोंदवही हे सगळं सोसायटीच्या कार्यालयात विनामूल्य पाहायचा हक्क महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 ने सभासदाला दिला आहे. प्रती हव्या असतील तर ठरलेली फी भरायची. बिलं आणि व्हाउचर दाखवायला मात्र बऱ्याच कमिट्या का-कू करतात. तसं झालं तर तो विषय सभेत ठरावाने मांडावा.

अर्ज नेमका करा. "सगळे हिशोब दाखवा" म्हटलं की समोरचा बिथरतो, आणि मिळालं तरी ते गठ्ठे तुमच्याने वाचून होत नाहीत. मी लिहिलं होतं: एप्रिल ते जून, पाण्याच्या टँकरची बिलं. अर्जाच्या दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

आता खरं काम. एकाच खर्चाचे दोन वेगळ्या हातांनी लिहिलेले कागद शोधायचे. टँकरवाल्याचं मे महिन्याचं बिल होतं 31 फेऱ्यांचं. गेटवर वॉचमनची वही असते. गाडीचा नंबर, आत आल्याची वेळ, पुढे त्याची सही. ती मी रात्री टेबलावर घेऊन बोट ठेवत मोजली, दोनदा मोजली. फेऱ्या निघाल्या 26.

हे मी ग्रुपवर टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी वही आणि बिल घेऊन खजिनदारांच्या घरी गेले. त्यांनी स्वतः पानं उलटून मोजलं आणि बराच वेळ गप्प बसले. टँकरवाला सांगेल तो आकडा ते मान्य करत आले होते, वही कधी मागवलीच नव्हती. त्यांनी खिशात एक रुपयाही घातला नव्हता. पाच फेऱ्यांचे पैसे पुढच्या बिलातून वळते झाले, आणि तेव्हापासून प्रत्येक बिलाला वहीच्या पानाची झेरॉक्स जोडली जाते. बिनपगारी काम करणाऱ्या माणसाला चोर म्हणायच्या आधी एवढी मोजणी करायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

मोठी रक्कम ताळेबंदात असते. सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी आणि मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा पैसा, दरवर्षी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान 0.25 टक्के आणि दुरुस्ती निधी 0.75 टक्के, असं आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली, सांगतात. देण्यांच्या बाजूला सिंकिंग फंड किती दाखवलाय ते पाहा, मग दुसऱ्या बाजूला मुदत ठेवी किती आहेत ते पाहा. फंड 18 लाख आणि ठेवी 7 लाख असतील, तर उरलेले 11 लाख कुठे गेले हा रास्त प्रश्न आहे. बहुतेक वेळा ते रोजच्या खर्चात मुरलेले असतात. सिंकिंग फंड वापरायला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. तो इतिवृत्तात आहे का, तेही तपासा.

ऑडिट रिपोर्टमधले आक्षेप वाचाच. लोक आकडे बघून मिटवून ठेवतात, आणि लेखापरीक्षकाने "तीन कोटेशन नाहीत" असं लिहिलेलं तसंच राहून जातं. त्यावर कमिटीने दोषदुरुस्ती अहवाल, म्हणजे आक्षेप कसे दूर केले याचं लेखी उत्तर, दिला का, हे विचारा.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी मिळायला हवी. प्रश्न नोटीस मिळाली की लगेच लेखी द्या, म्हणजे "आत्ता कागद जवळ नाहीत" हे उत्तर येणार नाही. उत्तर मिळालं की प्रश्नासकट ते इतिवृत्तात नोंदवायला सांगा. तिथेही दाद लागली नाही तर एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सभा मागता येते. शेवटी सहकारी संस्थांवर देखरेख करणारं सरकारी उपनिबंधक कार्यालय आहेच. तिथल्या तक्रारीला पोच घेतलेले सगळे अर्ज तारखेच्या क्रमाने जोडा.