टीव्ही कडा कापतोय? प्लेयरला हात लावण्याआधी टीव्हीचं सेटिंग बघा

मीडिया प्लेयर जोडल्यावर कोपऱ्यातलं घड्याळ अर्धंच दिसतं, मेनूची अक्षरं पुसट वाटतात. बहुतेक वेळा कारण एकच असतं, ओव्हरस्कॅन. पिक्चर ट्यूबच्या जमान्यात चित्राच्या कडा नीट बसायच्या नाहीत, म्हणून टीव्ही चित्र जरा मोठं करून त्या चौकटीआड लपवायचा. एलईडी पॅनेलला याची गरज नाही, पण सवय राहून गेली.

नुसत्या कडा गेल्या तर एक वेळ चाललं असतं. टीव्ही ५ टक्के कापत असेल तर १९२० × १०८० पिक्सेलमधलं (पिक्सेल म्हणजे चित्राचा एकेक ठिपका) १८२४ × १०२६ एवढंच उरतं, आणि तेच ताणून पूर्ण पडद्यावर पसरवलं जातं. प्लेयरचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर बसतच नाही. पुसटपणा येतो तो इथून.

फुल एचडी टीव्ही असेल तर आधी प्लेयरचं आउटपुट १०८०पी, म्हणजे १९२० × १०८०, करा. ते ४८०पी किंवा ५७६आय अशा कमी रिझोल्यूशनवर राहिलं, तर काही टीव्हींवर पुढचा पर्याय फिका दिसतो, निवडताच येत नाही. मग टीव्हीच्या पिक्चर मेनूत चित्राचा आकार शोधा. सॅमसंगवर ‘स्क्रीन फिट’, एलजीवर ‘जस्ट स्कॅन’, सोनीवर डिस्प्ले एरियात ‘फुल पिक्सेल’, फिलिप्सवर ‘अनस्केल्ड’, शार्पवर ‘डॉट बाय डॉट’. मॉडेलप्रमाणे नाव थोडं बदलतं. नुसतं ‘१६:९’ निवडून भागत नाही, त्यात कापणं बऱ्याचदा चालूच असतं. असा पर्याय कुठेच सापडला नाही, तर त्या एचडीएमआय इनपुटचं नाव ‘पीसी’ करून बघा. काही टीव्ही तेवढ्यानेच कापणं थांबवतात. सेटिंग बहुधा त्या इनपुटपुरतंच असतं, त्यामुळे प्लेयर दुसऱ्या पोर्टला लावलात की पुन्हा करावं लागतं.

प्लेयरवर कोडी (व्हिडिओ चालवणारं अ‍ॅप) वापरत असाल, तर आता त्यात सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, व्हिडिओ कॅलिब्रेशन उघडा. वरचा डावा आणि खालचा उजवा कोपरा दाखवणाऱ्या खुणा पडद्याच्या अगदी टोकाला, पूर्ण दिसायला हव्यात. पूर्वी कुणी तिथे चित्र आत ओढून ठेवलं असेल तर ते मूळ जागी आणा, नाहीतर आता चहूबाजूंनी काळी पट्टी दिसेल. टीव्हीचं कापणं तसंच ठेवून प्लेयरमध्ये चित्र लहान करणं हा निव्वळ जुगाड आहे: प्लेयर आकसवतो, टीव्ही ताणतो, कडा दिसतात पण चित्र दोनदा घुसळलं जातं. टीव्हीत पर्यायच नसेल तरच तो करा.

शेवटी शार्पनेस उतरवा. अक्षरांभोवतीची पांढरी किनार नाहीशी होईपर्यंत खाली या. काही टीव्हींत ती जागा शून्यावर असते, काहींत मधल्या आकड्यावर.

३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्हीचं पॅनेल बहुधा १३६६ × ७६८ असतं. ७२०पी द्या किंवा १०८०पी, ताणाताणी होणारच. तिथे कडा परत मिळतील, पिक्सेलला पिक्सेल मात्र जुळणार नाही.

सेट-टॉप बॉक्सच्या इनपुटवर हेच केलं आणि एखाद्या जुन्या एसडी वाहिनीवर अगदी वरच्या कडेला पांढऱ्या ठिपक्यांची लुकलुकणारी रेघ दिसू लागली, तर टीव्ही बिघडलेला नाही. ती रेघ सिग्नलमध्येच असते, आजवर ओव्हरस्कॅनमुळे झाकलेली होती. त्या इनपुटला ओव्हरस्कॅन खुशाल चालू ठेवा.