गाडीतला वास: आधी शोधा, मग धुवा

गेल्या जुलैत गुहागरहून पुण्याला परतलो आणि दोन दिवसांनी गाडीचं दार उघडलं, तर आतून असा भपकारा आला की मीच दोन पावलं मागे सरलो. घरात सगळ्यांनी एकमताने आईने बांधून दिलेल्या सुकटीला दोषी ठरवलं. डिकी पुसली, डॅशबोर्डवर मोगऱ्याची डबी चिकटवली आणि पुढचा आठवडा मोगरा अधिक कुबटपणा असं काहीतरी नाकात भरून फिरलो. शेवटी रविवारी स्टेपनी उचलली. खाली चार बोटं काळपट पाणी, तळाशी गंजलेला पाना. सुकटीचा काही संबंधच नव्हता. मागच्या दिव्याचं रबर आकसलं होतं आणि प्रत्येक सरीला तिथून पाणी आत उतरत होतं.

पावसाळ्यात गाडी वास मारायला लागली की बहुतेक वेळा असंच कुठेतरी पाणी मुरलेलं असतं. म्हणून शाम्पू, सोडा, परफ्यूम सगळं नंतर.

पायरी १: नाकाने शोधा

परफ्यूमची डबी काढून टाका आणि रात्रभर काचा बंद ठेवा. सकाळी एकच दार उघडून डोकं आत घाला. पहिले दोन-तीन श्वासच खरं सांगतात, मग नाक सरावतं. त्यामुळे शक्य असेल तर रोज त्या गाडीत न बसणाऱ्या कुणाला तरी बोलवा. एक दार झालं की पाच मिनिटं बाहेर मोकळ्या हवेत उभं राहा, मग दुसरं. डिकी सर्वांत शेवटी.

वास कुठून येतो याइतकंच तो कधी येतो हेही बघा. एसी लावल्यावर पहिली दोन मिनिटं येत असेल तर एसीची कॉइल (हवा थंड करणारा आतला भाग). पावसानंतर वाढत असेल तर गळती. उन्हात गाडी तापल्यावर येत असेल तर सीटवर किंवा कार्पेटवर काहीतरी सांडून मुरलंय.

पायरी २: हे वास असतील तर धुण्याच्या भानगडीत पडू नका

पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू न करता मेकॅनिकला बोलवा. सीएनजीच्या गाडीत गॅसचा उग्र वास आला (गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो) तर इंजिन बंद करा, दारं उघडा, टाकीचा व्हॉल्व्ह फिरवून बंद करा आणि लांब उभं राहून फोन करा. लाईट लावून बघायचा मोह नको.

गोडसर वास, काचेवर आतून तेलकट धुकं आणि पायाखाली चिकट ओल असं तिन्ही असेल तर हीटरमधून कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) गळतंय. ते विषारी असतं, लहान मुलांना त्या बाजूला बसवू नका. सडक्या अंड्यासारखा वास जास्त चार्ज होणाऱ्या बॅटरीचा असू शकतो. आणि धुराचा वास आत येत असेल तर काचा उघडा, गाडी बाजूला घ्या. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वासच नसतो. तुम्हाला येतो तो त्याच्या सोबत्यांचा.

पायरी ३: पाणी कुठून येतं ते पकडा

इथे वेळ घालवा, बाकी कामं पटकन होतात.

मॅट उचलून कार्पेटवर तळहात दाबा. वरून कोरडं लागलं तरी फसू नका. कार्पेटखाली जाड फोम असतो, तो स्पंजसारखं पाणी धरून ठेवतो. दाराच्या पायरीवरची प्लास्टिकची पट्टी उचकटून कार्पेटची कड वर घ्या आणि फोम चिमटीत पिळा. पाणी निथळलं तर चोर सापडला.

फक्त पुढे डावीकडे ओल असेल तर आधी एसी तपासा. त्याचं पाणी एका बारीक नळीतून गाडीखाली ठिबकतं. दमट दिवशी पंधरा-वीस मिनिटं एसी चालूनही खाली थेंब पडत नसेल तर नळी तुंबली आहे. खालून मऊ वायरने किंवा हलक्या फुंकरीने ती मोकळी होते. जोरात हवा मारू नका, आतला जोड निसटतो.

पावसाचं पाणी असेल तर पुढच्या काचेखाली वायपरची जाळी बघा. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांच्या तिथे हमखास पानांचा लगदा सापडतो. तो हाताने काढा. सनरूफ असेल तर त्याच्या चारही कोपऱ्यांतल्या नळ्या बघा. तरीही कळलं नाही तर एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून तांब्याने पाणी ओतायचं, खालून वर, एका वेळी एकच जागा. आतल्या रबराच्या कडेला टाल्कम पावडर भुरभुरवून ठेवा. थेंब जिथून येईल तिथे पावडरीत ओघळ दिसतो. माझ्या मागच्या दिव्याचा ओघळ तिसऱ्या तांब्याला दिसला.

गळती बंद झाल्यावरच सुकवायला घ्या. फोमखाली लाकडी ठोकळे सरकवा, दारं उघडी ठेवून टेबलफॅन लावा. दोन-तीन दिवस लागतात. सीट काढायची वेळ आली तर गॅरेजला द्या. खाली एअरबॅगच्या पिवळ्या वायरी असतात, त्यांच्याशी खेळ नको.

पायरी ४: एसी

ग्लोव्ह बॉक्समागचा फिल्टर काढा. काळा, ओला किंवा पानांनी भरलेला असेल तर धुवत बसू नका, नवा घाला. (काही गाड्यांच्या स्वस्त मॉडेलमध्ये फिल्टर नसतोच, नुसती खाच असते.) कॉइलवर बुरशी धरली असेल तर फेसाचा क्लीनर मिळतो, डब्यावरच्या सूचनेप्रमाणे मारा, काचा उघड्या ठेवा. आणि घरी पोचायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. कॉइल सुकते, बुरशीला ओल मिळत नाही. सगळा उन्हाळा-पावसाळा हवा आतल्या आत फिरवत राहणाऱ्यांनी अधूनमधून बाहेरची हवाही घ्यावी.

पायरी ५: सांडलेलं

दूध सर्वांत वाईट. गरम पाणी अजिबात नको, दूध कापडात आणखी घट्ट बसतं. कोमट-थंड पाण्याने टिपत टिपत काढा. घासलंत तर ते खाली फोममध्ये जातं. उलटी आणि कुत्र्या-मांजराची शी-शू यांनाही हेच. शेवटी एन्झाइमचा क्लीनर वापरा, पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतो. ओला लावून दोन-चार तास झाकून ठेवावा लागतो, लगेच पुसला तर पैसे वाया. खाण्याचा सोडा पूर्ण वाळलेल्या कापडावर भुरभुरवा आणि सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्या. ओल्यावर टाकलात तर पिठल्यासारखा लगदा होतो.

एवढं करूनही कुजका वास येतच असेल आणि दिवसागणिक वाढत असेल तर उंदीर. पावसाळ्यात ते बॉनेटच्या उबेला येतात आणि पंख्याच्या नळकांड्यात मरतात. हातमोजे घाला, उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो. हात पोचत नसेल तिथे मेकॅनिकला द्या.

पायरी ६: मॅट लगेच घालू नका

कार्पेटवर आणि स्टेपनीच्या खळग्यात वर्तमानपत्र पसरून ठेवा आणि पाऊस पडू द्या. माझा पहिला कागद एका कोपऱ्याला ओला निघाला होता, रबर पुन्हा बसवावं लागलं. दोन जोरदार पावसांनंतर कागद कडकडीत निघाला की मॅट घाला.