कोकणातलं बंद घर हाती घेताना: आधी कागद, मग छप्पर

कोकणातलं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, घर पडायला सुरुवात छपरापासून होते. एक कौल सरकतं, त्याखालची रीप (कौल जिच्यावर टेकतं ती लाकडी पट्टी) कुजते, रीप गेली की वरची ओळ खाली बसते आणि दोन-तीन पावसाळ्यांत पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरतं. मातीत बांधलेली भिंत माथ्यापासून भिजली की सांध्यांतली माती वाहून जाते आणि चिरे सुटतात. म्हणून चुलत्यांचे हिस्से विकत घेऊन वडिलोपार्जित घर राहतं करायचं असेल, तर पहिल्या वर्षीचा पैसा आधी कागद आणि छप्पर या दोन गोष्टींवर घाला. फरशी, रंग, स्वयंपाकाचा ओटा हे सगळं थांबू शकतं.

कागद

किंमत ठरवण्याआधी घराखालच्या जमिनीचा सातबारा आणि त्यावरचे जुने फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) काढा. घर गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) बघा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव आहे एवढ्यावरून मालकी सिद्ध होत नाही, आणि गावात नेमका याच कागदावर सगळ्यांचा भरवसा असतो.

वारसांची यादी ज्यांच्या नावावर मूळ मिळकत होती त्यांच्यापासून खाली उतरत करा. आत्या, लग्न झालेल्या बहिणी आणि वारलेल्या आत्यांची मुलं यांची नावं हमखास गळतात आणि वर्षांनंतर तंटा तिथूनच उभा राहतो. ‘आम्हांला काही नको’ हे तोंडी बोलणं चालत नाही, हक्कसोडपत्र नोंदवावंच लागतं. वडिलोपार्जित मिळकतीत सख्खी भावंडं, आईवडील, मुलं यांच्यातल्या हक्कसोडीला मुद्रांक नाममात्र लागतो. चुलत भावंडांना ती सवलत नाही, तेव्हा तो खर्च दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारून हिशेबात धरा. पैसे देऊन हिस्सा घेत असाल तर सरळ खरेदीखत करा आणि रक्कम बँकेतूनच द्या.

घर एकाचं आणि परसातला फणस दुसऱ्याचा, हे कोकणात नवल नाही. झाडं, सामायिक विहिरीचं पाणी आणि घरापर्यंतची वाट या तिन्हींचा उल्लेख दस्तात करून घ्या.

पाहणी

घर बघायला भर पावसात, जुलैत जा. गळती कुठून येते, अंगणातलं पाणी कुठे साचतं, भिंत किती उंचीपर्यंत ओल धरते, हे मे महिन्यात कळत नाही. हातोडी आणि पेचकस बरोबर घ्या. प्रत्येक तुळई आणि वाशावर ठोका. भरीव लाकूड खणखणीत वाजतं, वाळवीने पोखरलेलं बद्द. तुळईचं जे टोक भिंतीत गेलेलं असतं तिथे पेचकस रुतवून बघा, कारण कूज तिथेच आधी लागते. मधला भाग काळाकुट्ट दिसला तरी घाबरू नका, ती चुलीच्या धुराची काजळी असते आणि तिच्याखालचं ऐन, किंजळ किंवा फणसाचं लाकूड बहुतेक वेळा शाबूत निघतं.

छप्पर

कौलांचा अंदाज घराच्या जोत्यावरून (भिंतींखालच्या चौथऱ्यावरून) काढू नका. जोतं 30 बाय 40 फूट असेल आणि छप्पर चारही बाजूंनी अडीच फूट बाहेर असेल, तर सपाट माप 35 बाय 45 म्हणजे 1,575 चौरस फूट होतं. उतार साधारण 30 अंशांचा धरला तर त्याला 1.15 ने गुणा, सुमारे 1,810 चौरस फूट येतील. मंगलोरी कौल चौरस फुटाला दीड लागतं, म्हणजे 2,700 च्या आसपास. वर दहा टक्के फुटीचे धरा.

सगळी कौलं नवी घ्यायची गरज नसते. उतरवलेलं प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवा. स्पष्ट आवाज आला तर ठेवा, फुटका आला तर बाजूला काढा. अडचण वेगळीच येते. वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत, सांध्यांत फट राहते आणि तिथून पाणी शिरतं. कौलाच्या पाठीवर कारखान्याचा छाप असतो. एका छापाची कौलं एकाच पाखीवर (छपराच्या एका उतारावर) लावा. जुनी चांगली सगळी पुढच्या पाखीवर गोळा करा आणि मागची पाखी पूर्ण नवी करा. छपराची गळती यामुळे जेवढी थांबते तेवढी कुठल्याही रसायनाने थांबत नाही.

रिपांचं अंतर सुताराच्या अंदाजावर सोडू नका. दहा कौलं जमिनीवर एकात एक अडकवून मांडा. एकदा ताणून आणि एकदा दाटून, पहिल्या कौलाच्या अडकण्यापासून दहाव्याच्या अडकण्यापर्यंत मोजा. दोन मापांची सरासरी काढून नवाने भागा. उत्तर 12 ते साडेबारा इंचांच्या आसपास येईल, पण तुमच्या कौलांचं जे येईल तेच खरं. वासे दीड-दोन फुटांवर असतील तर दोन बाय एक इंचाची रीप पुरते. वाशांची फक्त पागोळीकडची (छपराचं पाणी जिथून खाली पडतं त्या कडेची) टोकं गेली असतील तर अख्खा वासा बदलू नका. कुजका भाग कापून बाजूला नवा तुकडा जोडा, दोन बोल्ट मारा. भिंतीत जाणाऱ्या टोकांना मात्र वाळवीचं औषध पाजूनच बसवा.

काम दिवाळीनंतर सुरू करा आणि एका वेळी एकच पाखी उघडा. मेच्या मध्यापर्यंत छप्पर बंद झालं पाहिजे, मृगाची वाट बघू नका, कारण वळवाचा पाऊस आधीच गाठतो. पागोळीच्या दोन ओळी आणि कडेची कौलं गॅल्व्हनाइज्ड तारेने बांधा, वारा कडेलाच उचलतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर भागात असंख्य घरांची छपरं उघडी पडली.

‘एकदाच स्लॅब टाकून मोकळे व्हा’ हा सल्ला गावात मिळेलच. चार इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला सुमारे 250 किलो असतं, कौलांचं 40 च्या आसपास. मातीत बांधलेली चिऱ्याची भिंत आणि तिचा पाया हे ओझं घेण्यासाठी केलेला नसतो. आधी नुसत्या भेगा दिसतात, पुढे भिंत बाहेर झुकते.

ओल, वाळवी, भिंती

वर्षानुवर्षं अंगणात माती पडून जमीन जोत्याच्या वर आलेली असते. ती खरवडून जोतं किमान दीड फूट उघडं करा आणि पागोळीच्या रेषेत उताराची नाली काढा. हे काम मजुरीत होतं, साहित्य जवळजवळ लागत नाही. पेव्हर ब्लॉक भिंतीला भिडवून बसवू नका.

चिऱ्यावर सिमेंटचा गिलावा करू नये. चिरा पाणी पितो आणि ते बाहेर टाकतो. सिमेंटने वाट बंद झाली की ओल आतल्या बाजूला वर चढते आणि गिलावा पापुद्रे धरून सुटतो. विरवलेला चुना एक भाग आणि चाळलेली वाळू तीन भाग असा गिलावा करा, वर चुन्याचे दोन-तीन हात द्या. चुना किमान दोन आठवडे पाण्याखाली मुरलेला हवा, नाहीतर न विरलेले कण भिंतीवर फुटतात.

वाळवीसाठी भिंतीलगत जमिनीत फूट-फूट अंतराने फूटभर खोल भोकं पाडून औषध सोडतात. परवानाधारक माणसाकडून करून घ्या, आणि विहिरीच्या बाजूला औषध सोडूच नका.

पाणी, संडास, वीज

विहीर एप्रिल-मेमध्ये उपसून गाळ काढा. पाणी भरलं की मीटरमधला व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले 0.785 एवढे घनमीटर पाणी धरा. घनमीटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर लागते. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे 70 ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, फक्त वरचं पाणी विहिरीत सोडा आणि तासभर उपसा थांबवा. संडासाचा खड्डा विहिरीपासून किमान 15 मीटर आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा.

जुनी वायरिंग दुरुस्त करण्यात पैसे घालवू नका, पूर्ण काढा. दिव्यांना दीड, प्लगना अडीच, पंप आणि गीझरला चार चौरस मिलिमीटरची तार, आणि मेन स्विचजवळ 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच). कातळावर अर्थिंग नीट लागत नाही, म्हणून तो खड्डा न्हाणीच्या सांडपाण्याजवळ, ओल टिकते तिथे घ्या.

पहिल्या वर्षी एवढं झालं की घरात राहता येतं. पुढच्या वर्षी संडास-न्हाणी नीट करा, मग घरातली जमीन, मग दारं-खिडक्या. घर बंद असेल तेव्हा महिन्यातून दोनदा कुणाकडून तरी दारं उघडून घ्या, चूल पेटवायला सांगा, त्याबद्दल पैसे द्या. आणि दर मे महिन्यात शाकारणी (पावसाआधी कौलं नीट बसवणं) करताना हाताशी असावीत म्हणून त्याच छापाची शंभर कौलं पडवीत रचून ठेवा.