आंघोळीच्या पाण्यातली ऊब आधी काढा, मग तेच पाणी फ्लशला

सोसायटीत आंघोळीचं पाणी पुन्हा वापरायचा विषय काढला की कोणीतरी लगेच म्हणतं एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, बसवा. थांबा जरा, आधी पाईप खाली उतरतात त्या डक्टमध्ये डोकावून या. जुन्या बिल्डिंगांमध्ये बऱ्याचदा संडासाचा पाईप वेगळा आणि बाथरूमचा वेगळा असतो, तसं असेल तर निम्मं काम झालंच. फक्त किचन सिंक त्याच बाथरूमच्या पाईपला जोडलंय का ते बघा, कारण तेल-खरकटं आलं की फिल्टर चोकअप.

आता ऊब. व्हिडिओत दाखवतात तो ड्रेनपाईपभोवती गुंडाळलेला तांब्याचा पाईप आपल्याकडे फारसा चालणार नाही. तो शॉवरसाठी आहे, गरम पाणी खाली जात असताना त्याच वेळी गार पाणी गीझरकडे जायला लागतं. आपण बादली आधी भरतो, नळ बंद करतो आणि मग अंगावर पाणी घेतो, म्हणजे ऊब खाली जाते तेव्हा ती घ्यायला वर कोणी नसतंच!

म्हणून बादलीवाल्यांनी आंघोळीचं वापरलेलं पाणी साठवायचं. खाली इन्सुलेशन केलेली टाकी, आत कॉइल म्हणजे वेटोळं केलेला पाईप, आणि सोलर किंवा हीट पंपाकडे (हवेतली ऊब घेऊन पाणी तापवणारं यंत्र) जाणारं गार पाणी त्या कॉइलमधून फिरवायचं. हिशोब करून बघा, ४० फ्लॅट, घरटी ४ माणसं, माणशी २५ लिटर म्हणजे ४००० लिटर. गार पाणी त्यातून ५ डिग्रीने जरी तापलं तरी २०,००० किलोकॅलरी, ८६० किलोकॅलरीला विजेचं एक युनिट धरलं तर रोजचे २३ युनिट. फार नाही हो, कॉइलचा खर्च एकट्या यावर निघायला वेळ लागेल. पण टाकी तर पाण्यासाठी लागणारच आहे. कॉइल मात्र डबल वॉलची, म्हणजे दुहेरी भिंतीचीच घ्या, गळली तर साबणाचं पाणी आंघोळीच्या लाईनमध्ये जायला नको.

ऊब काढून झाली की फिल्टर, क्लोरीन आणि फ्लशची वेगळी टाकी. नियमात माणशी रोजच्या १३५ लिटरपैकी ४५ फ्लशला धरतात, म्हणजे १६० माणसांना ७२०० लिटर, त्यातले ४००० इथूनच आले. हे पाणी दिवसभरात संपवायचं, दुसऱ्या दिवशी वास मारतं. कमी पडलं तर महापालिकेचं पाणी फ्लशच्या टाकीत वरून पडू द्या, पाईपला पाईप कधीच जोडू नका.

सगळ्यात आधी मात्र जाळीतले केस दर आठवड्याला कोण काढणार ते मीटिंगमध्ये लिहून घ्या, कोटेशन नंतर मागवा.