पालकांचा हक्क राज्याच्या घटनेत कसा आणायचा: टेक्सासचं उदाहरण

अमेरिकेत मुलं वाढवणाऱ्या मराठी आईबाबांसाठी लिहितेय. माझ्या मुलीला शाळेत एक सर्व्हे भरायला दिला, घरी भांडणं होतात का, मनात काय येतं असले प्रश्न, आणि मला कळलं कधी तर रात्री वरणभात खाताना ती सहज बोलून गेली तेव्हा. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले: आपल्या मुलांना कसं वाढवायचं हे ठरवण्याचा पालकांचा हक्क, जो टेक्सासने २०२५ मध्ये मतदान घेऊन आपल्या राज्यघटनेत घातला.

सगळे आधी हेच विचारतात की सुप्रीम कोर्टाने हा हक्क मानलाय ना, मग घटनेत कशाला? मानलाय, अगदी १९२३ आणि १९२५ पासून. पण २००० सालचा ट्रॉक्सेल खटला बघा. वॉशिंग्टन राज्यात आजीआजोबांना नातींसोबत जास्त वेळ हवा होता, आईचं म्हणणं होतं इतका नको, आणि कोर्टाने आईची बाजू घेतली (आपल्याकडे आजीआजोबा म्हणजे जीव की प्राण, तरी मला ते पटलं). पण न्यायमूर्तींची मतं फुटली, आणि सरकारला मध्ये पडायचं तर कारण किती भक्कम हवं हे बहुमताने ठरलंच नाही. साधा कायदा पुढचं अधिवेशन बदलू शकतं, घटनेला हात लावायचा तर परत लोकांकडे जावं लागतं.

आता मसुदा, खरी मेहनत इथेच आहे. कोलोरॅडोत १९९६ ला अशीच घटनादुरुस्ती मतदानाला आली होती, त्यात मुलांना शिस्त लावण्याचा हक्क असा शब्द होता, विरोधकांनी धरलं की याच्या आड मारहाण लपेल, आणि ती पडली. टेक्सासच्या दुरुस्तीच्या वाक्यात आधी पालकाची जबाबदारी येते, मुलाचं संगोपन आणि रक्षण, आणि हक्क त्याच्या मागून. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. ज्या मुलाला घरातच मार बसतो त्याच्यासाठी मदतीचं दार बंद होता कामा नये, तुमच्या राज्यात मसुदा होत असेल तर हे आधी तपासा.

टेक्सासमध्ये सह्या गोळा करून दुरुस्ती आणता येत नाही, आमदारच लागतो. अधिवेशन विषम वर्षी जानेवारीत सुरू होतं, १४० दिवसांचं, म्हणजे आधीच्या उन्हाळ्यातच त्याच्या ऑफिसला फोन करा. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात, हाउसमध्ये १०० आणि सेनेटमध्ये २१, गव्हर्नरची सही लागत नाही. कमिटीच्या सुनावणीत बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतात, त्यामुळे भाषण नको, आपल्या घरात काय झालं तेवढं सांगा. कॅलिफोर्नियात सह्यांचा रस्ता आहे, फ्लोरिडात मतदारांची ६० टक्के मतं लागतात, तर आपल्या राज्याचा नियम आधी बघून घ्या.

मग मतदान. ४ नोव्हेंबर २०२५ ला टेक्सासच्या मतपत्रिकेवर १७ दुरुस्त्या होत्या, ही १५ वी, आणि ती पास झाली. इतक्या खाली येईपर्यंत माणूस कंटाळतो, म्हणून ओळखीच्यांना नंबर आधीच सांगून ठेवा. मतदार नोंदणी ३० दिवस आधी झालेली हवी, नवीन नाव घालायचं तर बहुतेकांना कागदी फॉर्म सही करून पोस्टाने पाठवावा किंवा हाताने नेऊन द्यावा लागतो. आणि एच-वन किंवा ग्रीन कार्डवर असाल तर मतदार म्हणून नाव अजिबात नोंदवू नका, लायसन्स काढताना विचारलं तरी नाहीच म्हणा, पुढे फार महागात पडतं. आमदाराला फोन करायला आणि कमिटीपुढे बोलायला मात्र सिटीझन असावं लागत नाही.