कॅम्पसवर स्मार्ट सिटीचं टेस्टिंग करायचंय? आधी वायरमन मामांना भेटा

पावसाळा लागला की सांगलीतल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना प्रोजेक्टसाठी हमखास एकच आयडिया सुचते, फ्लड अलर्ट, म्हणजे सेन्सरनं पाण्याची पातळी मोजून पुराचा इशारा द्यायचा. साहजिकच आहे म्हणा, २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोका पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, ते कोण विसरणार. पण नवीन असाल तर थेट कृष्णेवर जाऊ नका भावांनो. तिथं सेन्सरचा बॉक्स लावायची परवानगी काढता काढता सेमिस्टर संपतंय, आणि पूर येणार कधी नि तुम्ही टेस्ट करणार कधी? तोच सेन्सर कॅम्पसमधल्या पाण्याच्या टाकीवर लावा. टाकी रोज भरते, रोज उतरते, पूर रोज सकाळी घरपोच. केंद्राच्या २०१५ च्या स्मार्ट सिटी मिशनमधल्या १०० शहरांत सोलापूर आलं, सांगली नाही, त्यामुळं असलं काही हाताळून बघायचं तर आपल्याला कॅम्पसच बरा पडतो.

आता टाकीचं ऐका, कारण सगळी मजा तिथंच आहे. लॅबमध्ये अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाची लाट सोडून ती परत यायला लागलेल्या वेळेवरनं अंतर मोजणारा) टेबलावर ठेवला की रिडिंग एकदम चकाचक येतंय, टाकीत लावला की नाटकं सुरू. एक तर वॉटरप्रूफ सेन्सरला साधारण २०-२५ सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही, म्हणजे टाकी काठोकाठ भरली की तो काहीही बरळतो, म्हणून त्याला फुल लेव्हलच्या तेवढा वर बसवायचा. दुसरं म्हणजे झाकणाच्या आतून वाफेचे थेंब जमतात, त्यातला एखादा सेन्सरच्या तोंडावर बसला की रिडिंग उडी मारतंय, मग पाच-सात रिडिंग घेऊन मधलं धरायचं. आणि ऊन! आवाजाचा वेग २० डिग्रीला सेकंदाला ३४३ मीटर असतो, ४० डिग्रीला ३५५ च्या आसपास जातो. काळ्या टाकीत दुपारी आतली हवा चांगलीच तापते, कोडमध्ये ३४३ फिक्स असेल तर दोन मीटरच्या अंतरात सात सेंटिमीटरचा फरक पडतो आणि टाकी उगाच जास्त भरलेली दिसते. शेजारी एक टेंपरेचर सेन्सर लावा, विषय संपला.

रिडिंग पाठवायच्या रेडिओसाठी लोरा घ्या (कमी बॅटरीत छोटे मेसेज लांबवर पाठवणारा), भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला लायसन लागत नाही. सिग्नल कमी आला की सगळे डोळे झाकून एसएफ १२ करतात (एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर, आकडा वाढवला की मेसेज सावकाश पण लांब जातो), रेंज वाढते खरी, पण एसएफ ७ ला जो छोटा मेसेज सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत जातो त्याला इथं सेकंदापेक्षा जास्त लागतो. नोड (सेन्सर-रेडिओचे बॉक्स) वाढले की मेसेज एकमेकांवर आदळायला लागतात आणि बॅटरी पण खाते. त्यापेक्षा अँटेना पत्र्याच्या शेडमधून काढून गच्चीवर न्या, फुकटात काम होतंय.

परवानगीचा कागद एचओडी (विभागप्रमुख) सरांकडनं मिळतो पण टाकीच्या जिन्याची किल्ली वायरमन मामांकडं असते. त्यांना आधी विचारा मोटर कधी चालू करता, कधी बंद करता, कुठल्या टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय. मामा टाकीवर बोटानं टकटक करून पाणी कुठवर आलंय सांगतात आणि ते बरोबर असतंय, तुमच्या ग्राफशेजारी त्यांचा अंदाज वहीत लिहून ठेवा, व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बाहेरून आलेला एक्स्टर्नल परीक्षक हमखास विचारतो की रिडिंग खरं कशावरनं. (मामांना अ‍ॅप नको असतं. टाकी भरली की मिसकॉल आला तरी ते खूश.)

कॅमेरावाले प्रोजेक्ट, पार्किंग मोजणे, गेटवर माणसं मोजणे, सुरुवातीला टाळलेलेच बरे. होस्टेलच्या बाजूला कॅमेरा म्हटलं की योग्य कारणासाठी भांडण होतं, आणि २०२३ चा डेटा प्रोटेक्शनचा कायदा पण आहेच.

नोडच्या बॅटरीसाठी सेल घेताना तेवढं बघा, १८६५० सेलवर (रिचार्ज होणारा लिथियम सेल) ९९०० एमएएच क्षमता छापलेली असेल तर तो सरळ डुप्लिकेट, या साइजमध्ये चांगला सेल सहसा साडेतीन हजाराच्या आसपासच असतो. असला सेल टाकला तर आभाळ भरून आल्यावर सोलर असून पण नोड झोपतो, आणि पावसात टाकीवर चढायला मामा काय येत नाहीत.