समुद्राचा हिशेब मांडताना या चुका टाळा

समुद्राच्या अर्थकारणावर लिहिताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे साठा (एका वेळी हाती असलेली एकूण संपत्ती) आणि प्रवाह (तिच्यातून वर्षभरात येणारी मिळकत) यांची सरमिसळ. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या २०१५ च्या अहवालात महासागरांच्या संपत्तीचे मूल्य किमान २४ लाख कोटी डॉलर धरले होते. हा झाला साठा. वर्षाकाठची मिळकत त्याच अहवालात सुमारे अडीच लाख कोटी होती. तरीही २४ चाच आकडा उचलून जीडीपीशेजारी बसवला जातो. जीडीपी एका वर्षाचा असतो, म्हणून त्याच्याशी तुलना वर्षाच्या प्रवाहाचीच करा.

प्रवाह घेतला तरी पेच सुटतोच असे नाही. १९९७ मध्ये पर्यावरण-अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या परिसंस्थांच्या सेवांचे, म्हणजे निसर्गाकडून मिळणाऱ्या लाभांचे, मूल्य वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर काढले. त्यातला जवळपास ६३ टक्के वाटा सागरी होता, आणि जगाचे एकूण उत्पन्न तेव्हा १८ लाख कोटींच्या आसपास होते. सेवांचे मूल्य उत्पन्नापेक्षा जास्त येते, कारण या अंदाजात उपभोक्त्याचे संतोषाधिक्यही (लोक जेवढे मोजायला तयार असतात आणि प्रत्यक्षात जेवढे मोजतात, त्यांतला फरक) धरलेले असते. जीडीपी ज्यांतून काढतात ते राष्ट्रीय लेखे मात्र विनिमय मूल्यावर, म्हणजे व्यवहारातल्या किमतीवर चालतात. किनाऱ्यावर बांध घालावा की खारफुटी राखावी, हे ठरवताना संतोषाधिक्य धरलेला आकडा वापरा. त्याला जीडीपीची टक्केवारी मात्र लावू नका.

सागरी उद्योगांचा वाटा अवाच्या सवा येतोय? आधी भागाकारातला वरचा आकडा, म्हणजे अंश तपासा. तिथे मूल्यवर्धनाऐवजी (प्रत्येक टप्प्यावर पडलेली नवी भर) एकूण उलाढाल असेल, तर तीच मासळी बोटीवर, प्रक्रिया कारखान्यात आणि उपाहारगृहात अशी तीनदा मोजली गेलेली असते. मग वर्गीकरण पाहा. तेल उत्खननाच्या आकड्यात जमिनीवरच्या विहिरीही येतात, त्यांतला समुद्रातला भाग वेगळा काढावा लागतो. अशी चाळणी लावून अमेरिकेने २०२० मध्ये आपल्या सागरी लेख्यांचा पहिला अंदाज मांडला. २०१८ सालासाठी तो ३७३ अब्ज डॉलर, म्हणजे जीडीपीच्या सुमारे १.८ टक्के होता.

परदेशी कंपनीची बोट आपल्या सागरी हद्दीत मासे पकडत असेल, तर ते उत्पादन सहसा तिच्या देशाच्या खात्यात जाते. आपल्याकडे जमा होते ते परवाना शुल्क.

मला सर्वांत घातक वाटते ती चूक म्हणजे घट न मोजणे. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड मासा इतका उपसला गेला की १९९२ मध्ये कॅनडाला तिथली मासेमारी बंद करावी लागली. हजारो कुटुंबांची रोजीरोटी गेली. त्याआधीच्या वर्षांत पकडलेला प्रत्येक टन स्थूल उत्पादनात भरच घालत होता. यंत्राच्या घसाऱ्यासारखी (झिजेसारखी) साठ्यातली घटही स्थूल उत्पादनातून वजा करूनच निव्वळ उत्पादन काढायला हवे. राष्ट्रीय लेख्यांच्या २०२५ च्या आंतरराष्ट्रीय प्रणालीत नैसर्गिक साधनांची घट उत्पादनखर्चातच धरली आहे, ही फार मोलाची सुधारणा आहे.

म्हणून रुपये-डॉलरकडे वळण्याआधी भौतिक लेखा पूर्ण करा: किती टन मासळी उरली, किती हेक्टर खारफुटी आणि प्रवाळ शिल्लक आहेत, त्यांची अवस्था काय आहे. या नोंदी नसतील, तर किमतीचा रकाना कोराच ठेवा.